ब्रेक मऊ लागतोय? आधी शोधा, हवा आली कुठून – वाचकांचे प्रश्न

जुन्या गाड्यांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तर बरीचशी पत्रं ब्रेकचीच आली, त्यामुळे या वेळी दुसरं काही घेत नाही. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्या उत्तरांचा पाया तिथेच आहे म्हणून तेवढं तरी नीट वाचा.

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे वडिलांची २००२ ची मारुती ८०० आहे. पावसाळाभर अंगणात झाकून उभी होती. आता ब्रेक दाबला की पेडल मऊ लागतं, दोन-तीनदा पंप केलं की वर येतं, थोड्या वेळानं परत तेच. गॅरेजमध्ये हवा काढून घेतली, आठवडाभर छान चालली आणि पुन्हा मऊ. आता ते म्हणतायत मास्टर सिलिंडर गेला, बदलून टाकू. टाकू का? घरच्या घरी काही बघता येईल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: दोन गोष्टी आधी. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा मुख्य सिलिंडर, आत्ता लगेच बदलू नका, आणि गाडी आत्ता रस्त्यावर काढू नका, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नको. पंप केल्यावर लागणारा ब्रेक हा चालू ब्रेक नव्हे, कारण समोर पोरगं आडवं आलं तर पंप करायला तेवढा वेळच मिळत नाही. गॅरेजला न्यायचीच असेल तर क्रेनवर किंवा टेम्पोत टाकून न्या, दोरीनं टोचन करून नेऊ नका. टोचनमध्ये थांबायचं काम मागच्या गाडीच्या ब्रेकवरच असतं आणि तुमचा नेमका तोच नाहीये.

आता मुद्द्याचं. हवा काढल्यावर आठवडाभर बरं वाटलं आणि परत मऊ झालं, यातच अर्धं निदान आहे. ब्रेकची लाईन ही बंद लाईन असते, तिच्यात हवा आपोआप तयार होत नाही. एकदा काढलेली हवा परत आली म्हणजे कुठून तरी तेल बाहेर जातंय किंवा हवा आत ओढली जातेय. नुसती हवा काढून गाडी परत देणं ही दुरुस्ती नाहीच, ती फक्त पुढच्या आठवड्यापर्यंतची सोय झाली. मेस्त्रीला विचारायचा प्रश्न एकच, हवा आली कुठून?

तेल दबत नाही आणि हवा दबते, सगळा खेळ एवढाच आहे. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंड बोटानं बंद करा आणि दांडा दाबा, हलणार नाही. मग त्यात थोडी हवा ठेवून दाबा, दांडा आत जातो आणि सोडला की परत येतो. तुमचं पेडल हेच करतंय, पायाचा जोर चाकापर्यंत जायच्या आधी ती हवा दाबण्यातच संपतोय.

पण पेडल खाली जाण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि ते पायाला ओळखता येतात, त्यासाठी कुठलंही मशीन लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद. बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीनं पायाचा जोर वाढवणारा भाग, असेल तर पेडल चार-पाच वेळा दाबून त्यातला व्हॅक्यूम संपवा. मग सावकाश दाबा आणि लक्ष पायाकडे ठेवा. पेडल खालपर्यंत लवचिक लागत असेल, दाबाल तसं आत जातंय आणि सोडाल तसं ढकलतंय, तर हवा किंवा फुगणारा होस, म्हणजे चाकाकडे तेल नेणारा रबरी पाईप. पेडल बरंच खाली जातं पण तिथे गेल्यावर दगडासारखं घट्ट होतं, तर हवा नाही, मागच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल भांड्यात, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा पट्टा) आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. आणि पेडल घट्ट लागतं पण पाय तसाच धरून ठेवला की मिनिटभरात हळूहळू खाली सरकत जातं, तर एकतर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आतला रबर कप तेल अडवत नाहीये. कप गेला असेल तर बाहेर एक थेंब दिसत नाही आणि ब्रेक ऑइलच्या बाटलीतली लेव्हलही कमी होत नाही, कारण तेल आतल्या आतच मागे जातं. तुमच्या पत्रात पेडल असं सरकतं असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून मास्टर सिलिंडर थांबू दे म्हणतोय. धरून बघा मिनिटभर, सरकलं तर मात्र गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर असू शकतं.

पुढची युक्ती सोपी आहे आणि तुमच्या गाडीला नेमकी लागू पडते, कारण पुढे डिस्क आणि मागे ड्रम. हँडब्रेक चांगला ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेक मागचे लायनर ड्रमला टेकवून ठेवतो, त्यामुळे पेडल एकदम वर आलं आणि घट्ट झालं तर मागचं ॲडजस्टमेंट हेच कारण, किंवा निदान मोठं कारण. काही गाड्यांत हे ॲडजस्टमेंट आपोआप होतं पण गाडी उभी राहिली, गंज चढला की तो छोटा दातेरी भाग जाम होतो आणि मग काहीच आपोआप होत नाही, ड्रम काढून साफ करावं लागतं. हँडब्रेक ओढूनही पेडल तसंच मऊ राहिलं तर मग पुढे चला.

आता डोळ्यांनी बघायचं. ब्रेक ऑइलच्या बाटलीवर पेनानं आजच्या लेव्हलची खूण करा. पुढच्या डिस्कला दाबून धरणारे पॅड झिजतात तशी लेव्हल महिनोन् महिने थोडी थोडी उतरते, ते चालतं, पण आठवड्यात उतरली तर गळती आहेच. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर ओघळ आहेत का बघा. मग मागचे ड्रम काढा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात घालू नका, खाली जॅक स्टँड, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, ती लावा, हे मी कितीही वेळा सांगेन. ड्रमच्या आत वर जो छोटा व्हील सिलिंडर असतो त्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात, त्या स्क्रू-ड्रायव्हरनं हळूच उचलून बघा. आत किंचित ओलसर असेल तर ठीक, पण तेल टपकलं तर तो सिलिंडर गेला. आत धूळ उडत असते, ती फुंकरीनं किंवा कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसात गेलेलं परत निघत नाही.

तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय या व्हील सिलिंडरवरच आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका, आणि चार महिने गाडी हललीच नाही की सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर पिस्टन जिथे थांबलाय तिथेच गंजाचे खड्डे पडतात. नंतर गाडी चालू केली की रबर कप त्या खड्ड्यांवरून घासत जातो आणि कडा फाटतात. अशा वेळी गंमत अशी होते की दाबल्यावर कप फुलून तेल बऱ्यापैकी अडवतो, पण पेडल पटकन सोडलं की क्षणभर आत ओढ तयार होते आणि तेवढ्यात हवा शिरते. म्हणून बाहेर फारसं गळताना दिसत नाही आणि हवा मात्र परत परत येते. सिलिंडर उघडून बोट फिरवा, आतून काचेसारखा गुळगुळीत असेल तर नुसतं रबर किट टाकून काम होतं. बोटाला खड्डा लागला तर किट टाकणं म्हणजे पैसे वाया, पूर्ण सिलिंडर बदला, आणि एका बाजूचा गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही बदला, दोघांनी पावसाळा एकत्रच काढलाय. लायनरवर तेल गेलं असेल तर ते धुवून, पॉलिश पेपर मारून परत लावू नका. गरम झाल्यावर आत मुरलेलं तेल परत वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ ला बंद झालं तरी ब्रेकचं सामान अजून मिळतं, फक्त बिलासकट आणि सीलबंद पाकिटातलं घ्या, ब्रेकच्या बाबतीत सुट्टं, बिनबिलाचं काही नको.

व्हील सिलिंडर कोरडे निघाले तर रबरी होस पाईप बघा. जोरात ब्रेक मारला की लाईनमधला दाब सहज ५० बारच्या पुढे जातो, टायरमध्ये साधारण २ बार असतात, यावरून अंदाज घ्या. जुना होस आतून कुजला की एवढ्या दाबाला फुगतो आणि पेडल अगदी हवा असल्यासारखं लागतं, कितीही ब्लीडिंग करा, म्हणजे हवा काढा, फरक पडत नाही. एकाला पेडल जोरात दाबायला सांगा आणि होसवर हात ठेवा, फुगलेला कळतो. वाकवून बघा, भेगा दिसल्या तर विचार करू नका, बदला. मेस्त्रीकडे होस चिमटवायचा गुळगुळीत क्लॅम्प असतो, एकेका चाकाचा होस चिमटवून पेडल दाबत गेलं तर ज्या होसला चिमटवल्यावर पेडल घट्ट होतं, त्याच्या पुढे दोष. ही परीक्षा फार कामाची आहे पण पक्कड किंवा लॉकिंग प्लायर लावून करू नका, होस आतून फाटेल, आणि होस आधीच कडक झाला असेल तर करूच नका.

पुढच्या कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं, एक राहिलं. कुणी कधी कॅलिपर काढून डावा उजवीकडे, उजवा डावीकडे बसवला असेल तर ब्लीडिंगचं निपल, म्हणजे हवा काढायचं सैल करता येणारं छोटं तोंड, खाली येतं. हवा वर जाऊन बसते आणि निपल खाली, मग जन्मभर ब्लीडिंग केलं तरी ती निघणार नाही. निपल वरच्या अंगाला हवं, ही दोन सेकंदांत बघायची गोष्ट आहे आणि तरी बघितली जात नाही. शिवाय कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम असतील तर पॅड तिरके झिजतात आणि तिरका पॅड दाबताना वाकतो, तेही पायाला मऊ लागतं. पॅड काढून दोन्ही टोकांची जाडी बघा.

दोष सापडला, दुरुस्त झाला, मग हवा काढायची. निपल गंजलेली असणार, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि फिक्स पाना नको, रिंग पाना वापरा, नाहीतर कोपरे उडतात आणि निपल आत तुटलं की दिवस गेला. पारदर्शक नळी निपलला लावा, दुसरं टोक बाटलीत थोड्या नव्या तेलात बुडवा. आत बसलेल्यानं पेडल सावकाश दाबायचं आणि दाबून धरायचं, मग खालच्यानं निपल अर्धा आटा सैल करायचं, तेल आणि बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल, निपल बंद करायचं आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. बंद व्हायच्या आधी सोडलं तर हवा परत आत. दोघांनी मोठ्यानं बोलत करा, "दाबलं", "बंद", "सोड", लाजायचं कारण नाही. पटापट पंपिंग करू नका, त्यानं मोठ्या बुडबुड्याचे बारीक बुडबुडे होतात आणि तेलात मिसळून बसतात. सुरुवात साधारण मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांमध्ये लाईन आडव्या-तिरक्या जोडलेल्या असतात, त्यांचा क्रम वेगळा असतो, म्हणून गाडीचं मॅन्युअल असेल तर तेच खरं माना. वरची बाटली रिकामी होऊ देऊ नका, एकदा झाली की मास्टर सिलिंडरमध्ये हवा जाते आणि सगळं पहिल्यापासून.

आणि हे जुन्या गाडीवाल्यांनी खास लक्षात ठेवा, ब्लीडिंग करताना पेडल पार फ्लोअरला टेकवू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन जेवढा पुढे जातो तेवढाच भाग गुळगुळीत असतो, त्यापुढे वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ. पेडल टेकवलं की कप त्या गाळावरून घासून फाटतो, मग ब्लीडिंग केल्यावर मास्टर सिलिंडर खरोखरच जातो आणि सगळे म्हणतात बघा, आम्ही आधीच सांगितलं होतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, झालं.

निघालेलं तेल परत वापरायचं नाही आणि गटारातही ओतायचं नाही, बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी, हे तेल रंग खातं. सगळं झाल्यावर इंजिन चालू करून पेडल जोरात मिनिटभर धरा, दुसऱ्यानं प्रत्येक जोड बघायचा, मग मोकळ्या मैदानात अगदी हळू चालवून थांबवून बघा. आठवड्यानं पेनाची खूण परत तपासा.

प्रश्न: माझी प्रीमियर पद्मिनी आहे, हौसेनं ठेवलीये. मागच्या महिन्यात चारही चाकांना नवीन लायनर टाकले, ड्रम लेथवर मारून घेतले, नवीन तेल, हवा दोनदा काढली. तरी पेडल आधीपेक्षा मऊ! नवीन सामान टाकून ब्रेक बिघडतो कसा? – एक वाचक, पुणे

उत्तर: बिघडला नाहीये, बहुतेक बसलेला नाहीये. ड्रम लेथवर मारला, म्हणजे आतून खरवडून गुळगुळीत केला, की आतला व्यास वाढतो. नवीन लायनरची गोलाई मूळ मापाच्या ड्रमसाठी असते, मोठ्या झालेल्या ड्रममध्ये ती गोलाई पूर्ण टेकत नाही, लायनर फक्त मधेच टेकतो आणि टोकं हवेत राहतात. पाय दाबला की शू, म्हणजे लायनर जिच्यावर बसवतात ती लोखंडी कमान, वाकतो, टोकं टेकायला बघतात, आणि हे वाकणं पायाला मऊ लागतं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम, म्हणजे आठ शू, प्रत्येकाचं थोडं थोडं वाकणं जमा होऊन पेडलवर येतं. डिस्कवाल्या गाडीत हा प्रकार एवढा जाणवत नाही म्हणून आजकालच्या बऱ्याच मेस्त्रींना तो लगेच सुचत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पद्मिनीची टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली आणि रोज या ड्रममध्ये हात घालणारे मेस्त्रीही हळूहळू कमी होतायत, जे आहेत त्यांच्याकडून शिकून घ्या.

करायचं काय, तर एक ड्रम काढा आणि लायनरवर घासल्याची चमक कुठे आहे बघा. मधेच पट्टा चमकत असेल आणि दोन्ही टोकं कोरी असतील तर वरचंच कारण. लायनर ड्रमच्या मापाला घासून देणारा जुना ब्रेकलायनरवाला मिळाला तर उत्तम, नाहीतर काही दिवस सांभाळून, रिकाम्या रस्त्यावर, मध्यम ब्रेक मारत चालवली की लायनर बसतात आणि मग ॲडजस्टमेंट परत करायचं. ॲडजस्ट करताना चाक हातानं फिरवत घट्ट करा, घासायला लागलं की किंचित सैल सोडा, आणि मधे मधे पेडल दाबून शू मध्यावर येऊ द्या. हे चारही चाकांना सारखं हवं. आणि पेडल फारच खाली जात असेल, म्हणजे मऊपणाच्या पुढची गोष्ट असेल, तर बसायची वाट बघत चालवू नका. ड्रमवर किंवा पुस्तकात जास्तीत जास्त व्यासाचं माप दिलेलं असतं, त्याच्या वर गेलेला ड्रम भंगारात, तो कितीही जड आणि मजबूत दिसला तरी. पातळ ड्रम गरम झाल्यावर दाबाखाली पसरतो आणि तडकूही शकतो.

प्रश्न: आमची जुनी जीप आहे, चारही चाकांना ड्रम. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना निम्म्यात ब्रेक एकदम मऊ झाला, पेडल फ्लोअरला. कशीबशी हँडब्रेक आणि पहिल्या गिअरवर थांबवली. अर्धा तास थांबलो तर ब्रेक आपोआप ठीक! गावात चेक केलं तर काहीच सापडलं नाही. – एक वाचक, महाड

उत्तर: थांबलात आणि थांबून राहिलात, फार बरं केलंत. गावात काही सापडणार नाही कारण दोष थंड झाल्यावर लपतो. तुमच्या लाईनमध्ये तेल उकळलं होतं.

महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आणि पोलादपूर अगदी खाली. दीड टनाची गाडी हजार मीटर उतरते तेव्हा जवळपास दीड कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी, आणि गिअरनं ती घेतली नाही तर ती सगळी ड्रममध्ये जाते. एवढ्या उष्णतेत ५० लिटर पाणी उकळेल. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा, तो डब्यावर लिहिलेला असतो) चं नवं कोरं तेल २०५ अंशाला उकळतं, पण ते ओलावा शोषत जातं आणि त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. हे किमान आकडे आहेत, डब्यावरचं तेल याहून थोडं चांगलं असू शकतं. जुनं, काळं पडलेलं तेल व्हील सिलिंडरमध्ये उकळलं की वाफ होते, वाफ हवेसारखीच दबते, पेडल खाली. थंड झालं की वाफेचं परत पाणी आणि तेल, ब्रेक परत "ठीक".

यात एक फरक ओळखा. पेडल घट्टच आहे, पाय ठेवून उभं राहिलं तरी गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर लायनर तापून गुळगुळीत झालेत, तेल उकळलेलं नाही. तुमचं पेडल खाली गेलं म्हणजे तेल.

उपाय म्हणजे सगळं तेल बदला, नुसतं वर भरू नका, प्रत्येक चाकातून स्वच्छ तेल येईपर्यंत काढा. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच जातीचं आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही, आणि डॉट ५.१ हे नाव सारखं दिसलं तरी ते डॉट ४ च्याच घरातलं, ते चालतं. उघडलेला अर्धा डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, बंद झाकणातही तो ओलावा घेतो. दर दोन वर्षांनी तेल बदलायचं, घाटातल्या गाडीला वर्षानं बदललं तरी जास्त नाही. सोबत एखादं चाक ब्रेक सोडल्यावरही घासत राहत नाही ना ते बघा, सपाट रस्त्यावर थोडं चालवून चारही ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका, एक जास्त तापलेला असेल तर त्याचा सिलिंडर किंवा शूची स्प्रिंग जाम आहे.

आणि घाटात ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं, एसटीचे ड्रायव्हर करतात तसंच. ब्रेकवर पाय ठेवून सरकत राहण्यापेक्षा एकदा नीट दाबून वेग कमी करा आणि सोडा, ड्रमला वारा लागू द्या.

प्रश्न: दादा, माझ्या २००६ च्या वॅगनारचा ब्रेक मऊ लागतो. मेस्त्री म्हणतात बूस्टर बदला. बाई बघून काहीही सांगतात असं वाटतं, खरं काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, बूस्टर गेला की पेडल कडक होतं, दोन्ही पाय ठेवावेत असं वाटतं, मऊ होत नाही. त्यामुळे फक्त मऊ पेडलवरून बूस्टर बदलायला तयार होऊ नका. तुम्हीच मेस्त्रींसमोर तपासा, इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. मग त्यांना शांतपणे विचारा की हवा आहे का, मागचं ॲडजस्टमेंट बघितलंत का, व्हील सिलिंडरची टोपी उचलून दाखवता का. जो मेस्त्री दाखवतो त्याच्याकडे गाडी ठेवा. काढलेला पार्ट परत मागायचा तुमचा हक्क आहे, तो आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून घरातल्या मुलानं पॉवर स्टिअरिंगचं तेल थोडंसं टाकलं. दोन दिवस गाडी चालली. आता पेडल विचित्र लागतं, वर येतं पण चाकं जाम झाल्यासारखी. सगळं तेल बदललं तर होईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: नुसतं तेल बदलून नाही होणार, आणि गाडी आत्ताच थांबवा. ब्रेकमधलं रबर फक्त ब्रेक ऑइलसाठी केलेलं असतं. पॉवर स्टिअरिंगचं, इंजिनचं, गिअरचं कुठलंही तेल लागलं की ते फुगतं, थोडंसं टाकलं तरी. बाटलीच्या झाकणातलं रबर बघा, फुगून बाहेर आलं असेल तर आतले सगळे कप तसेच झालेत. फुगलेला कप मास्टर सिलिंडरमधलं तेल परत यायचं बारीक भोक बुजवतो, म्हणून ब्रेक सुटत नाही आणि चाकं जाम लागतात.

यात काटकसर चालत नाही. मास्टर सिलिंडरची किट, चारही चाकांची किट, होस, बाटलीचं झाकण, म्हणजे जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदला. लोखंडी पाईप सोडवून स्पिरिटनं किंवा ताज्या ब्रेक ऑइलनं धुवा आणि पूर्ण वाळवा, पेट्रोल-रॉकेल नको, त्यानं पुन्हा तोच प्रकार होतो. एखाद्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर तो भाग घरी उघडू नका, कंपनीच्या वर्कशॉपला टाकलेल्या तेलाचं नाव स्पष्ट सांगा. मुलाला ओरडू नका, त्यानं कमी तेल बघितलं हे चांगलंच केलं, फक्त बाटलीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं ते त्याला आजच दाखवून ठेवा. आणि तेल कमी झालं होतं कशानं, पॅड झिजले म्हणून की कुठे गळतंय म्हणून, हे गाडी उघडलीच आहे तर त्याच वेळी शोधून घ्या.